बिराची हाळी

चंद्राआजी मेलेल्या भावाच्या ताटात जेवली होती, आणि ते तिला आवडलं होतं.

हे तिचंच म्हणणं आहे, माझं नाही. आज तिची पुण्यतिथी, म्हणून लिहिते आहे.

चंद्राआजी म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती आमचीच झाली. आम्ही धनगर. मूळची वाडी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. आता माणला राहतो, आयटीवाल्या पोरांना खोल्या भाड्याने देतो आणि शेळ्या मोबाईलवर बघतो.

आजीला गरम भाकरी चालायची नाही. ताटात वाढली की उचलून परत टोपलीत टाकायची. "शिळी हाय का गं? ती दे."

आम्ही चिडवायचो, आजीचं डाएट लई कडक!

माझं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. मी पहिल्यापासून फटकळ. एकदा वैतागून विचारलंच, "आजी, गरम भाकरीने तुझं काय घोडं मारलंय?"

ती हसली नाही. परातीतल्या पिठाकडे बघत बोलायला लागली.

आज शंभर वर्षं होत आली त्याला. मुळशीचं धरण तेव्हा नवं होतं. खाली पाणी चढत चाललेलं, म्हणून शेरडं नव्या डोंगराला न्यायला लागायची. ते काम तिच्या थोरल्या भावाचं, बिराचं. तो तापाने गेला. चंद्रा तेव्हा चौदाची, माझे आजोबा पाळण्यात.

आईने अंथरूण धरलं. शेरडं चंद्राच्या गळ्यात पडली.

पण शेरडांना बिराची हाळी ओळखीची. त्याचा आवाज नुकताच फुटलेला, "हेऽऽ हुर्रऽ" करताना मधेच चिरकायचा. अख्खी वाडी त्यावर हसायची.

पहिल्याच संध्याकाळी शेरडं पांगली. धुकं उतरलेलं, त्या डोंगराला वाघरू फिरत होतं. चंद्राने ओरडून ओरडून घसा बसवला, एकही शेरडू मान वर करेना.

मग तिने बिराची घोंगडी डोक्यावरून घेतली, तोंडापुढे हात धरले आणि बिराची हाळी दिली. चिरकण्यासकट.

सगळी शेरडं उड्या मारत आली.

"मला लई भारी वाटलं गं," आजी म्हणाली. "भाऊ जाऊन पंधरवडा न्हाई झाला, आन् मी हसत व्हते. हाळ्या देत देतच डोंगर उतरले."

खाली वाडीत आईने ती हाळी ऐकली.

अंथरुणाला खिळलेली बाई उठली. चूल पेटवली. नाचणीचं पीठ मळून भाकरी तव्यावर टाकली. पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली.

"आला व्हय रं, बिरा?"

घोंगडीतून चंद्रा बाहेर आली.

आई तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत गेली. पण भाकरी झालेली होती, ती तिने वाढली. बिराच्या ताटात.

"मग?" मी विचारलं.

"भूक लागली व्हती. समदी खाल्ली."

मला वाटलं, संपली गोष्ट. पण आजी पुढे सांगतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शेरडं घेऊन निघाली तर आई म्हणाली, "आज बी तशीच हाळी दे."

मग रोजचंच झालं. संध्याकाळी बिराची हाळी, आई तांब्या घेऊन दारात, तव्यावरची पहिली भाकरी बिराच्या ताटात. कोण येतंय ते दोघींना माहीत होतं. त्यावर कुणी एक शब्द बोलायचं नाही.

"आईसाठी केलंस ना तू?" मी म्हणाले. "मग त्यात लाजायचं काय?"

"आईसाटी न्हाई." आजीने मान हलवली. "शेरडं कवाच माज्या आवाजाला वळली व्हती. रानात माजीच हाळी चालायची. वाडी दिसली की बिराची द्यायचे. आई माज्यासाटी कवा दारात आली नव्हती गं. मला त्ये ग्वाड लागाय लागलं. आन् एक दिस मनात आलं, बिरा गेला त्ये बरंच झालं."

एवढं बोलून तिने पदर तोंडावर ओढून घेतला. ऐंशी पार केलेली बाई आणि माझ्याकडे बघेना.

ज्या दिवशी ते मनात आलं, त्याच संध्याकाळी तिने बिराची हाळी दिली नाही. वाडीच्या वळणावर उभं राहून स्वतःची दिली, जोरात.

"म्हनलं, बघू."

शेरडं आली.

आई आली नाही.

घरात भाकरी टोपलीत होती, गार झालेली. तिने ती खाल्ली. पुढे जन्मभर गारच खाल्ली.

"आजी, तू लहान होतीस गं," मी असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "पीठ सुकतंय, मळ आदी."

मला मात्र आमचीच लाज वाटली. आजी देवळातून येऊन दार वाजवायची आणि आम्ही टीव्हीसमोरून ओरडायचो, "उघडंच आहे!" वर्षानुवर्षं हेच.

दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या घेऊन दारात जायला लागले.

पहिल्या दिवशी खेकसलीच माझ्यावर. "मी काय पावणी हाय व्हय?"

पण पाय फार सावकाश धुतले तिने.

गरम भाकरीला मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही.

आज तव्यावरची पहिली काढून ठेवली आहे. तुझ्या नावाची, बिराच्या नाही.

तुझ्याच आवाजात हाळी दे, आजी.

मी दारात उभी आहे.