आतून लागणारी कडी

अक्का गेली त्या दुपारी मी तिच्यावर चिडलेलो होतो. माझी बायको मंगल हिने चहा गाळून ठेवला होता, आणि अक्का अंगणातल्या तिच्या त्या गाडीत दार लावून बसली होती. मी दोनदा हाक मारली, मग पत्र्यावर थापा मारल्या. ऐकू येत असून ओ द्यायची नाही ही तिची जुनी खोड. कामात असली की बोलणाऱ्याचं तोंड दुखेपर्यंत गप्प. ‘चहाचं पार पाणी झालं, येतेस की ओतून देऊ?’ असं म्हणत मी खिडकीच्या जाळीतून पाहिलं, तर ती फळीवर कुशीवर झोपलेली, हात गालाखाली... मला आणखीनच राग आला. मी इथे उन्हात घसा फोडतोय आणि बाईसाहेब खुशाल झोपल्यात. तिची पाठ हलत नाहीये, हे आधी मंगलच्या लक्षात आलं.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. सगळी नोकरी आरोग्यसेविकेची. शेवगाव, कोल्हार आणि मधली कुठली कुठली गावं तिने बदलीवर पाहिली, आणि सगळीकडे तिला ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखत. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कर्जतला आमच्याकडे राहायला आली. आम्ही तिच्यासाठी मागच्या बाजूला खोली बांधली, बाथरूम वेगळं, खिडकी पूर्वेला, कपाट तिला हवं तसं. ती त्या खोलीला शेवटपर्यंत ‘तुमची खोली’ म्हणाली. किती वेळा सांगितलं, अगं बाई, तुझी म्हण. पण नाही. ‘तुमच्या खोलीतला पंखा आवाज करतोय’, ‘तुमच्या खोलीत मुंग्या झाल्यात’... ऐकून माझं डोकं फिरायचं.

मग ती गाडी आली. शेवगावात कांद्याच्या एका वखारीमागे जुनी मॅटाडोर पडून होती. कुण्या हौशी डॉक्टरने कधीकाळी कुटुंबाला घेऊन फिरण्यासाठी ती आतून बनवून घेतलेली: झोपायची फळी, भांडी धुवायचं छोटं बेसिन, गॅस ठेवायचा कप्पा, खिडकीला पडद्याच्या दांड्या. अक्काने ही गाडी नोकरीत असताना चालती पाहिली होती म्हणे, आणि तेव्हापासून ती तिच्या मनात होती. गाडी आमच्या दारात ट्रेलरवरून उतरली तेव्हा तिच्या तळातून गवत वर आलं होतं आणि गंज इतका, की हात ठेवला तर पापुद्रे निघायचे. मी एसटीत कंडक्टर होतो, मोडक्या गाड्या मी आयुष्यभर पाहिल्या, पण हिच्यासारखी नाही. मी म्हणालो, ही भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही. अक्का म्हणाली, मी वेल्डिंग शिकणार. त्याआधी तिने घरातला खिळासुद्धा कधी ठोकला नव्हता.

नाक्यावर फॅब्रिकेशनचं दुकान असलेल्या शकीलभाईकडून तिने होल्डर कसा धरायचा, रॉड पत्र्यापासून किती लांब ठेवायचा, हे एकदा बघून घेतलं. भाड्याने मशीन आणलं आणि शकीलभाईला सांगितलं, आता गाडीला हात लावायचा नाही. तो बिचारा रोज येता-जाता बघायचा आणि मान हलवायचा. पहिली चूक तिने केली ती मात्र शकीलभाईने जन्मात पाहिली नव्हती. अक्काने नोकरीभर साखरेच्या रोग्यांचे चिघळलेले पाय धुतले होते. जखमेतलं सडलेलं सगळं आधी काढायचं, चांगला भाग दिसेपर्यंत, मगच पट्टी. तोच नियम तिने गाडीला लावला. दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या, तळ, कोपरे, गंजलेलं म्हणून जे जे होतं ते सगळं एकदमच कापून काढलं. मी म्हणालो, थोडं थोडं कर. तर मलाच म्हणाली, ‘अर्धी जखम साफ करून पट्टी बांधत न्हाईत, दिन्या. आत पू ऱ्हातो.’

माणसाचा पाय पलंगावर पडून असतो, गाडीला स्वतःचं वजन उचलून धरायचं असतं. आधार कापल्यावर ती मधोमध खचली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही, नुसती कण्हल्यासारखी कुरकुरली आणि बाजूचं सरकतं दार अर्ध्यात अडकलं. शकीलभाई कपाळाला हात लावून म्हणाला, सिस्टर, एक बाजू कापायची, ती जोडायची, मग दुसरी. नंतरचं दीड वर्ष आमच्या घरात फक्त त्या दाराची चर्चा होती.

काय काय नाही झालं त्या दीड वर्षात! ती जॅक लावून गाडी उचलायची, नवी पट्टी धरून वेल्डिंगचे चार टाके मारायची, दार सरकवून बघायची. बोटभर चुकायचं. टाके तोडायचे, परत उचलायचं. पत्रा पातळ आणि हिचा करंट जास्त, त्यामुळे जोडायला जावं तिथे भोक पडायचं, भोक बुजवायला जावं तर ते मोठं व्हायचं. मशीन सुरू झालं की घरातला पंखा मंदावायचा आणि शेजारच्या बाया कुंपणाशी येऊन मालिका अर्धी गेल्याचं सांगायच्या. एकदा नीट दिसत नाही म्हणून डोळ्यांपुढे धरायची काळी काच बाजूला ठेवून वेल्डिंग केलं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, तेव्हा बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडली. पोरांच्या डोळ्यांत काही घातलं म्हणून आयांना फैलावर घेणारी हीच बाई. मी हसलो तर अंदाजाने माझ्या दिशेला चप्पल भिरकावली. शिव्या तर अशा द्यायची, की मंगलने एकदा पाहुणे आहेत म्हणून खिडकीच लावून घेतली.

एके दिवशी दुपारी होल्डर फेकल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर अक्का उलट्या बादलीवर बसून रडत होती. रागाने, तोंडातल्या तोंडात, नाक पुसत. दार पुन्हा अडकलं होतं. मी म्हणालो, जाऊ दे ना, कशाला जिवाला लावून घेतेस. तेव्हा तिने पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली, जी मला तोवर माहीत नव्हती. गावाचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. भाड्याची खोली मिळाली, ट्रंक उघडून सामान लावलं, स्टोव्ह पेटवला, आणि घरमालकीण आडनाव विचारायला आली. आपलं आडनाव ऐकल्यावर पुढे काय होतं ते आपल्या लोकांना सांगावं लागत नाही. दिवेलागणीला ट्रंक रस्त्यावर. त्या गावात ती उपकेंद्रातल्या बाळंतपणाच्या टेबलावर झोपायची, आणि कुणी अडलेली बाई आली की उठून टेबल मोकळं करून द्यायची.

‘तवापासनं मी ज्या ज्या दाराला कडी लावली ना दिन्या, ते दार दुसऱ्याचं हुतं,’ ती म्हणाली. ‘तुझं बी. तू लई केलंस, न्हाई म्हनत न्हाई. पन मला एक दार पायजे. मी लावीन तवा लागंल, मी उघडीन तवा उघडंल. गाडी कोल्हारला प्रवरेच्या काठाला न्यायची, दार सताड उघडं ठिवून चहा करायचा, येईल त्याला पाजायचा, आन् झोपताना आतनं कडी लावायची. एवढंच हाय.’

मी म्हणालो, मग शकीलभाईला सांगू, दोन दिवसांत करून देईल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायला निघून गेलो.

दार लागलं ते यंदा थंडी सरता सरता. तिने मला बोलावलं आणि म्हणाली, कंडक्टर, लाव दार. मी सवयीने धाडकन ओढलं. लागलं! मी तोंडानेच डबल बेल दिली, टिंग टिंग, आणि आम्ही दोघं म्हातारे वेड्यासारखे हसलो. मग तिने लोखंडी पट्टीची कडी स्वतः बनवली आणि दाराच्या चौकटीला आतून जोडली. एक ठिपका, थांब, पत्रा गार होऊ दे, दुसरा ठिपका. माझ्याकडून खिडक्यांना जाळी बसवून घेतली. नंतर काही दिवस रोज दुपारी ती आत जाऊन पडायची. आम्हाला कडीचा आवाज यायचा.

त्या दुपारी ती कडी निघेना. गाडीची पुढची दारं गंजून कधीच मिटली होती, आणि मधे पत्र्याची भिंत. मी पहार घातली. दार वाकलं, कडी नाही. शकीलभाई ग्राइंडर घेऊन धावत आला, फटीतून चकती टाक्यावर टेकवली आणि थांबला. ‘लई पक्का मारलाय सिस्टरनी,’ एवढंच म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. ग्राइंडर मग मी घेतला. दीड वर्ष तिचे टाके हात लावला की सुटताना मी पाहिले होते, आणि नेमका हा सुटेना... ठिणग्या उडत होत्या आणि मी तिच्यावर, त्या गाडीवर, त्या घरमालकिणीवर, सगळ्यांवर ओरडत होतो. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, दार उघडं असतं तरी काही करता आलं नसतं. बरोबर असेल त्यांचं. पण तिचा एकुलता एक नीट जमलेला टाका मी माझ्या हाताने कापला, त्याचं काय करू?

पुण्यानुमोदनाला आलेले नातेवाईक जेवून उठल्यावर अंगणात उभे राहून म्हणाले, आता हे भंगार काढून टाका. मी त्यांना काय बोललो ते मला आठवत नाही, आणि मंगल अजून सांगत नाही. खरं तर त्यांचं काय चुकलं? गाडी चालत नाही. इंजिनला अक्काने हातसुद्धा लावला नव्हता, आधी घर मग चाकं, असं म्हणायची. कोल्हार राहिलंच. या गोष्टीची चीड येते ती जातच नाही.

मशीन मी परत भाड्याने आणलं. शकीलभाई म्हणाला, द्या इकडे, मी जोडतो कडी. मी नको म्हणालो. पहिल्या दिवशी चौकटीला भोक पाडलं, दुसऱ्या दिवशी ते मोठं केलं. अक्का असती तर पोट धरून हसली असती. शेवटी एक ठिपका, थांब, असं करत ती कशीबशी चिकटली, वाकडी. दार जरा वर उचललं तर लागते.

परवा दुपारी आत गेलो, दार उचलून कडी लावली आणि तिच्या फळीवर आडवा झालो. चादर तशीच आहे, उशाशी तिचा चष्मा. बाहेरून मंगलची हाक आली, ‘अहो, चहा झाला.’ मी लगेच ओ दिली, मोठ्याने, दोनदा. हाक आली की ताबडतोब ओ द्यायची, हे आता आमच्या घरात न बोलता ठरून गेलंय. तरीही मंगल गाडीपर्यंत आली, जाळीतून आत डोकावली, मला डोळे उघडे ठेवून पडलेलं पाहिलं, आणि मगच चहा गाळायला गेली.