नदीतली मोकळी जागा

ती घटना मी विसरू शकत नाही, कारण तिच्यावर माझी सही आहे. केस डायरीतली सही नव्हे. तशा हजारो केल्या आणि त्यांची केव्हाच रद्दी झाली. ही सही एका नदीच्या पाण्यावर आहे, आणि ती पुसता येत नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात, मॅंगनीज खाणींच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. माणूस पाहिला की चोर ओळखतो, अशी माझी ख्याती होती आणि ती मला आवडायची.

तक्रार एका वाहतूक ठेकेदाराची होती. त्याच्या बंगल्यातल्या दिवाणखान्यातून काचेच्या चौकटीतलं एक विलायती चित्र गेलं होतं. आजोबांनी ते खाणीवरच्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या सामानातून घेतलं होतं म्हणे. चित्रात काय होतं, हे मात्र घरात कोणालाच धड सांगता येईना.

“काळं-पांढरं होतं जी. पूल होता मोठा,” ठेकेदार म्हणाला. “पण अँटिक होतं सायेब. लाखाची चीज.”

पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर वाढदिवसाचा एक फोटो पाठवला. मागे भिंतीवर चित्र दिसत होतं. वरच्या अर्ध्या भागात दगडी पुलाच्या तीन कमानी आणि पलीकडे उंच घरं होती. खालचा अर्धा भाग केक कापताना पुढे आलेल्या पाहुण्याच्या फेट्याआड गेला होता. मी त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. घरातल्यांचे जबाब घेतले, नोकरांचेही घेतले. ठेकेदाराची म्हातारी आई लेकीकडे गेली होती. तिचा जबाब घ्यावा असं ना त्याला वाटलं, ना मला.

आठव्या दिवशी खबर आली. खबऱ्या बस थांब्यावरचा पानठेलेवाला होता.

“सायेब, चिखल्याले कॉलनीच्या मांगं एक रिटायर बुढा राह्यते. फोटोवाले काकाजी म्हणतात त्याले. त्याच्या पेटीत विलायती फोटो हायेत. धोतरात गुंडाळून ठेवते. हात धुतल्याबिगर कोणाले हात लावू देत नाही.”

“तुला कोणी सांगितलं?”

“माहा साला पंखा दुरुस्त कराले गेला होता ना जी. त्यानं पाह्यलं. त्यातला एक पुलाचा हाय.”

पेटीत लपवलेली वस्तू, तीही धोतरात गुंडाळून. माझ्या मनात गुन्हा तिथेच शाबीत झाला. उजेडाने कागद पिवळा पडतो म्हणूनही कोणी चित्र पेटीत ठेवतं, ही शक्यता माझ्या वर्दीत बसणारी नव्हती.

एक हवालदार, एक शिपाई आणि दोन पंच घेऊन मी गेलो. एक पंच तिथलाच किराणा दुकानदार, दुसरा रस्त्यात भेटलेला ट्रक ड्रायव्हर. काकाजी ओट्यावर बसून लसूण सोलत होते. सत्तरीचे असावेत. जमिनीखाली लाकडाचे टेके बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. खाणीचं छत कोसळू नये म्हणून ते टेके लागतात. त्यांच्या हाताच्या बोटांची पेरं लोखंडासारखी होती. मी ती पेरं पाहिली आणि मनात म्हणालो, या हातांचा आणि विलायती चित्रांचा काय संबंध?

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो आहे. पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे.

पेटी उघडा म्हटल्यावर ते आधी मोरीकडे गेले. साबणाने हात धुतले, कोरडे केले.

“नाटक पुरे,” मी म्हणालो.

“नाटक नाही जी. लसणाचा हात हाय.”

पेटीत एकोणीस चित्रं निघाली. सगळी छापील, काळ्या शाईची. जुनी शहरं, नद्या, पडके दरवाजे, एक झोपलेली बाई, एक गाढव. दर दोन चित्रांमध्ये धुतलेल्या धोतराचा तुकडा होता आणि कोपऱ्यांत कडुनिंबाचा पाला. सातवं चित्र पुलाचं. तीन कमानी, पलीकडे उंच घरं. मी खिशातली प्रिंट शेजारी धरली. रेघेला रेघ जुळत होती.

“हे काय आहे?”

“एचिंग हाय जी. फ्रान्सचं.”

हवालदार हसला. “फ्रान्सचं म्हणते! अबे बुढ्या, तुमसरच्या पल्याड गेला काय कधी?”

“नागपूरले जातो ना जी. महिन्यातून एक इतवार. जुन्या पुस्तकाच्या बाजारात.”

काकाजींच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या हवालदारालाच भिडल्या. “काहून जी, वयानं लहान ना तुमी? अबे-तुबे कायले करता? माह्या माणसानं जिंदगीत दारू पेली नाही, पत्ते खेलले नाही. कागद घेतले. कागद घेणं गुन्हा हाय काय?”

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

पंचनामा सुरू झाला. आमची रीत अशी की कागदपत्र जप्त केलं तर त्यावरच पंचांच्या आणि तपास अधिकाऱ्याच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे पुढे कोर्टात कागद बदलल्याचा आरोप होत नाही. बाकी अठरा चित्रांच्या पाठीवर खळ लावून चिठ्ठ्या डकवल्या. पुलाचं चित्र मुख्य मुद्देमाल होता. त्यावर सही समोरच हवी, म्हणजे न्यायाधीशाला शोधावी लागणार नाही. मी चित्रात मोकळी जागा शोधली. पुलाच्या डाव्या कमानीखाली नदीचं पाणी होतं आणि तिथे एकही रेघ नव्हती. तळहाताएवढी पांढरी जागा, जणू सहीसाठीच सोडलेली.

मी खिशातून बॉलपेन काढलं.

“तिथं नको जी सायेब!” म्हातारा उठून उभा राहिला. “तिथं नको! मांगून करा. पाया पडतो, मांगून करा!”

“मग कुठं करू? तुझ्या कपाळावर?”

पंच हसले. मी सही केली. माझ्याखाली दुकानदाराने केली, त्याखाली ड्रायव्हरने. ड्रायव्हरचं पेन अडखळलं म्हणून त्याने जोर देऊन दोनदा गिरवलं.

काकाजी खाली बसले. पुढे जीपमध्ये, ठाण्यात, कोठडीच्या दारापर्यंत ते एकच गोष्ट बोलले. “मले कुठंबी ठेवा सायेब. पण याइले ओल लागू देऊ नका.”

मुद्देमाल खोलीत जप्त मोहाच्या दारूच्या कॅन होत्या. चित्रं त्यांच्या शेजारच्या फळीवर ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

चौकशी मी स्वतः केली. हात उगारला नाही. ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं अभिमानाने सांगत असे.

“चित्र ठेकेदाराचंच आहे. फोटोशी जुळतं,” मी म्हणालो.

“जुळंन ना जी. एकाच पत्र्यावरून निंघालं असंन.”

“कसला पत्रा?”

मग त्यांनी मला शिकवलं. आरोपी खाली बसलेला, अधिकारी खुर्चीवर, आणि शिकवणी उलट्या दिशेने चाललेली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा. सुईने त्यावर चित्र ओरखडायचं. पत्रा तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये, बुडवला की ओरखडे खोल होतात. त्यांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओला कागद ठेवून यंत्रात दाबायचं. एका पत्र्यावरून कितीतरी प्रती निघतात. कागदाच्या कडेला पत्र्याचा दाब उमटतो आणि तो बोटाला लागतो.

“तुम्हाला हे कोणी सांगितलं?” नकळत मी अहो-जाहोवर आलो होतो.

“माहा बाप गोऱ्या सायेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. सायेबानं जातानी त्याले एक फोटो देल्ला. गाढवाचा. मी लहानपणापासून तोच पाह्यत आलो. मंग नागपूरले चित्रकलेच्या कॉलेजात एक मास्तर भेटले, त्याइनं सांगितलं बाकीचं. खाणीत खाली गेलं का सारं काळं असते जी. टोपीचा दिवा जिथं फिरते तेवढंच दिसते. या फोटोत तसंच हाय. म्हणून मले उमजते.”

मग त्यांनी माझ्या खुर्चीच्या कडेला हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “सायेब, एक काम करा. ठेकेदारसायबाले फोन लावा. इचारा, तुमच्या फोटोत कमानीखाली डोंगा हाय काय?”

आमच्याकडे तलावात मासे धरायला जाणारे लोक छोट्या नावेला डोंगा म्हणतात.

“डोंगा?”

“चित्रकारानं पहिल्या काही प्रती काढल्या तवा डोंगा नव्हता. मंग त्याले वाटलं, पाणी रिकामं रिकामं दिसते. त्यानं पत्र्यावर डोंगा कोरला. त्याच्यानंतरच्या साऱ्या प्रतीत डोंगा हाय. माह्यावाल्यात नाही. मास्तर म्हणाले, डोंगा नसलेली प्रत त्याइनंबी कधी पाह्यली नाही. येत्या इतवारी शाळेत साऱ्या फोटोची प्रदर्शनी ठेवली होती, ते येणार होते पाहाले. खाणीतल्या लोकाइच्या पोराइनं पाहावं म्हणून ठेवली होती जी.”

एक फोन. टेबलावर तो पडलेलाच होता. ठेकेदाराला आठवलं नसतं तर त्याने आईला विचारलं असतं; ‘हो, डोंगा होता’ एवढं उत्तर आलं असतं तर केस त्या मिनिटाला संपली असती.

मी फोन केला नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत गुन्हेगारांनी सांगितलेल्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या आणि ही त्यांतली सर्वांत नक्षीदार वाटली. खरं सांगायचं तर कारण तेही नव्हतं. टेके ठोकणारा माणूस मला माहीत नसलेली गोष्ट सांगत होता, ते मला सहन झालं नाही. मी म्हणालो, “गोष्टी पुरे झाल्या. चौकट कुठे फेकली ते सांगा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी वरठीचा एक फ्रेमवाला मोटरसायकलवरून ठाण्यात आला. पाठीला वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी चौकट बांधली होती.

“सायेब, याच्यासाठी कोणाले तरी धरलं म्हणून ऐकलं. हे तं माह्या दुकानात हाय. ठेकेदाराच्या आईनं देल्लं. मांगून वाळवी लागली होती. लेकीकडं जाताना रेल्वे टेशनावर चालली होती, रस्त्यात मले देऊन गेली. म्हणे, घरात सांगून फायदा नाही, कोणी पाह्यतबी नाही त्याच्याकडं.”

मी वर्तमानपत्र फाडलं. तीन कमानी, उंच घरं आणि डाव्या कमानीखाली एक लांबट डोंगा, त्यात वाकलेला माणूस.

मुद्देमाल खोलीतून काकाजींचं चित्र आणवलं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. जिथे एकात डोंगा होता, तिथे दुसऱ्यात तीन सह्या होत्या. सर्वांत वरची माझी. बॉलपेनचा दाब कागदात इतका खोल गेला होता की पाठीमागून बोटाला लागत होता.

ठेकेदाराला फोन केला. तो हसला. “चला, मिटलं ना सायेब. बुढीनं पण कमाल केली.”

काकाजी सुटले. गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा म्हणून ‘क’ समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, पाठवली आणि न्यायालयाने ती मंजूर केली. कागदोपत्री सगळं नियमाप्रमाणे झालं. शाळेने प्रदर्शन आधीच रद्द केलं होतं. कोठडीत जाऊन आलेल्या माणसाची चित्रं शाळेत लावणं बरं दिसत नाही, असं कोणीतरी म्हणालं. नागपूरच्या मास्तरांना कोणी कळवलंच नाही. ते आले आणि बंद फाटक पाहून परत गेले.

मुद्देमाल परत घ्यायला काकाजी स्वच्छ धोतराचे तुकडे घेऊन आले. पाठीवरच्या चिठ्ठ्यांच्या खळीला ठिकठिकाणी बुरशी आली होती. त्यांनी एकेक चित्र उचललं, पाहिलं, कापडात ठेवलं. पुलाच्या चित्राशी थांबले. बराच वेळ पाहत राहिले.

“आता डोंगा आला जी,” ते म्हणाले. “तीन माणसं बसली हायेत त्याच्यात.”

मी माफी मागायला हवी होती. मी पावती पुढे केली. छापील मजकूर होता: वरील माल सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही.

“सुस्थितीत?” त्यांनी विचारलं.

“तो फॉर्मच तसा आहे. सही केल्याशिवाय माल देता येत नाही.”

त्यांनी सही केली. सुबक, एका ओळीत, कागदाच्या अगदी कडेला. त्यांना कागद कुठे खराब होतो ते माहीत होतं.

निवृत्तीनंतर तरुण अधिकारी मला कधी कधी विचारतात, तपासात सर्वांत महत्त्वाचं काय? मी त्यांना ही केस सांगतो. खबर खरी होती: म्हाताऱ्याकडे विलायती चित्रं होतीच. पंचनामा बिनचूक होता. फोटोही जुळत होता. खोटा होता तो फक्त माझ्या मनातला निकाल, आणि तो मी एका माणसाच्या हाताची पेरं पाहून दिला होता. ठेकेदाराच्या घरात ते चित्र कोणी पाहत नव्हतं, तरी तो त्याचा मालक, हे मी न विचारता मानलं. ज्याने आयुष्यभर पाहिलं त्याच्याकडे मी पुरावा मागितला, आणि त्याने तो दिला तेव्हा ऐकला नाही. आम्ही गरिबाला मारत नाही म्हणून स्वतःला सज्जन समजतो. त्याचं म्हणणं खरं असू शकतं, एवढं मानायची आमची तयारी नसते.

काकाजी आता नाहीत. चित्रं त्यांच्या बायकोकडे आहेत. मागच्या वर्षी मी गेलो होतो. त्यांनी मला आधी मोरी दाखवली. मी हात धुतले, कोरडे केले, मग त्यांनी पेटी उघडली.

त्या चित्रांचा कागद सुती चिंध्यांचा असतो, असं काकाजींनी मला चौकशीत सांगितलं होतं. शंभर-दीडशे वर्षांत तो पिवळासुद्धा पडलेला नाही. अजून तेवढीच वर्षं टिकेल. माझी सहीही टिकेल.