पाडायला आलेला गवंडी

मातीची खोली पाडायला आलेला गवंडी त्याच खोलीत, उंबऱ्याच्या आत भाकरी खात बसला होता. मी पाळण्याची दोरी ओढत त्याच्याकडे बघत होते. नव्या स्लॅबच्या घरात नातवाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं, म्हणून आठ दिवस त्याला इथे निजवतोय. आणि मुलाला इथेही स्लॅब हवा.

"पाडणार ना?" मी विचारलं.

"पाडू की आजी. ऊन उतरू द्या. इथं गार वाटतंय."

"तुझं घर कसलं?"

"स्लॅबचं."

"मग दुपारी कुठे बसतोस?"

"लिंबाखाली."

अशा माणसाला काय बोलावं? दरवर्षी पावसाआधी, छत गळू नये म्हणून, आम्ही बायका वर खाऱ्या मातीच्या पाट्या चढवायचो. माना मोडायच्या. त्यात मजा नव्हती, खोटं कशाला बोलू? ते कष्ट नकोत, एवढंच सांगा ना. पण नाही, मातीचं घर म्हणजे मागासलेपण! आता सून रोज दुपारी टँकरचं पाणी स्लॅबवर ओतते, तरी सगळे पंख्याखाली भाजून निघतात. शिकलेली माणसं!

तेवढ्यात मुलगा आला. "आई, झाली का सुरुवात?"

"आधी तुझं पोर उचल," मी म्हटलं. "स्वतःच्या हाताने तिकडे नेऊन निजव. मग घाला पहार."

तो पाळण्याशी वाकला. पोर गाढ झोपलं होतं. त्याने हात मागे घेतला, शर्टाची बटणं सोडली आणि गवंड्याशेजारी बसला.

"दिवाळीनंतर बघू," म्हणाला.