आर्याच्या छातीतली बुरशी

"ही टीबी नाही," नागपूरचे छातीचे डॉक्टर सीटी स्कॅन बघत म्हणाले. "ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी ॲस्परजिलोसिस. थोडक्यात एबीपीए. दमा असलेल्या मुलांना होणारी बुरशीची ॲलर्जी."

आर्याचे बाबा ताडकन उठले. "मंग भंडाऱ्यात टीबीच्या गोळ्या कायले खाऊ घातल्या पोरीले?" त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की आर्या दचकून मला बिलगली.

"एक्स-रेवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. बसा," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. ही बुरशी हवेत असतेच, ओल्या तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, जास्त. बहुतेकांना काही होत नाही. दम्याच्या काही मुलांचं शरीर मात्र तिच्यावर तुटून पडतं, आणि त्या मारामारीत त्यांच्याच श्वासनळ्या खराब होतात.

आम्ही पवनीचे, धान पिकवणारे. मळणीनंतर तणसाचा ढीग अंगणातच. चौथीतल्या आर्याला दमा जुनाच, पण यंदाचा खोकला तिला अक्षरशः जमिनीवर आपटायचा. ओठ निळे पडायचे. एकदा खोकताना बेडक्याचा तपकिरी, रबरासारखा गठ्ठा बाहेर पडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ती ऑक्सिजनचा मास्क ओरबाडून काढायची. मी तिचे हात दाबून धरले, तर मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. मी हात सोडले नाहीत.

निदानानंतर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईड, आणि इट्राकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध, सुरू झालं. खोकला उतरला, पण राग चढला. तिने भरलं ताट भिंतीवर फेकलं. धाकट्या बहिणीचा, मैत्रीचा, गळाच धरला. आम्ही ओढून सोडवलं, तेव्हा आर्या म्हणाली, "आई, मले काहून असं होऊन राहिलं? मले तिले मारायचं नव्हतं."

तिचे बाबा गोळ्या फेकायला निघाले. मी पाकीट हिसकावून घेतलं आणि डॉक्टरांना फोन केला. "स्टेरॉईडने असं होतं. डोस कमी करू, पण एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल," ते म्हणाले.

तुमच्या दम्याच्या लेकराचा खोकला औषधाने हटत नसेल, तपकिरी बेडका पडत असेल, तर एबीपीएबद्दल विचारा. आणि गोळ्यांमुळे लेकरू अंगावर आलं, तर त्याला वाईट समजू नका.

हा आजार उलटू शकतो. म्हणून आर्याची रक्ततपासणी चालू आहे, आणि तणीस आता दूर शेतात.

परवा दोघी बहिणी टीव्हीच्या रिमोटवरून भांडल्या. आर्या एका दमात, मध्ये कुठेही न खोकता, मैत्रीवर ओरडली. मी आत चुलीपाशी होते. उठले नाही. ते ओरडणं शेवटपर्यंत ऐकलं.