औषध मुरवलेलं दार

केडगावच्या आमच्या घराला वाळवी लागली होती. आई गेली त्या वर्षी बाथरूमच्या दाराचा खालचा भाग हात लावताच भुगा होऊन पडला. वडिलांनी मग वखारीतून वाळवीचं औषध मुरवलेलं लाकूड आणवलं. हिरवट, हाताला गार लागणारं.

सुतार म्हणाला, "काका, ह्ये औषध पाण्यातनं मुरवत्यात. आतून लई ओलं हाय अजून. सावलीत वाळू द्या, मग दार करू."

"घरात मुलगी आहे. पडदा लावून किती दिवस काढायचे?" वडिलांनी ऐकलं नाही.

उन्हाळ्यात दार वाळलं, आक्रसलं. कडेला बोटभर फट पडली. वडिलांनी स्वतः दाराच्या कडेला पट्टी ठोकून ती बुजवली. पावसाळ्यात मात्र दार फुगायला लागलं. औषधातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्ही नुसते रोज जरा जास्त जोर लावायचो.

मी सावेडीत शाळेत शिकवते. एकदा दुपारी घरी आले तर टीव्ही चालू, चहा तसाच गार झालेला, वडील कुठंच नाहीत.

"बाबा?"

"इथं आहे." आवाज बाथरूममधून, बसलेला. "दार निघत नाही. सकाळपासून हाका मारतोय."

मी धक्के मारले. दार हललंसुद्धा नाही. माझ्या हाकेसरशी शेजारचे काका पहार घेऊन धावत आले.

"त्यांना जरा थांबव गं," वडील आतून म्हणाले. "टॉवेल बाहेरच राहिलाय."

मी दाराखालून टॉवेल सरकवला. मग काकांनी चौकटीत पहार घातली.

वडील पालथ्या बादलीवर बसले होते. पाय पांढरे पडले होते. "तुम्हाला उगाच त्रास," ते काकांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आता तिथं प्लास्टिकचं दार आहे, सहज उघडतं. पण ते लावलं की वडिलांचा जीव घाबरा होतो, आणि उघडं ठेवून मी घरात असताना आंघोळ करायची त्यांना लाज वाटते. मी शाळेत असताना एकट्यानं करायचं धाडस राहिलेलं नाही. कित्येकदा ते नुसतं अंग पुसून घेतात. रोज इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस.

सुट्टीच्या दिवशी मी अंगणात घराकडे पाठ करून बसते. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहतो. तो थांबला की मी हाक मारते.

"आहे, आहे," ते चिडून म्हणतात.