मी स्वतः पाहिलं

आमच्या ह्यांना धुळीचं भारी प्रेम. बाकीच्यांचे नवरे संध्याकाळी घामाचा वास घेऊन येतात, हे येतात जुन्या कागदांचा वास घेऊन. बाह्या कोपरापर्यंत काळ्या, नाकावर बांधायचा रुमाल खिशात कोंबलेला, आणि दारातूनच पहिला प्रश्न, "साबण कुठंय?" लग्न झाल्यापासून साबण एकाच जागी आहे. पण विचारल्याशिवाय ह्यांचा हात म्हणून पुढं होत नाही.

धंदा शोधाचा. कुणाला घर घ्यायचं असलं की वकील ह्यांना सांगणार, जरा बघा, मिळकत कुणाची, आधी कुणाची होती, तिच्यावर कुणाचा बोजा किंवा हक्क आहे का. मग हे नगरपालिकेत जाऊन घरपट्टीची खाती बघणार, जिल्ह्याच्या कचेरीत जुन्या दस्तांचे जाडजूड खंड उपसणार, नकला काढणार आणि शेवटी अहवाल लिहिणार. अहवालाच्या तळाशी एक वाक्य ठरलेलं: 'वरील सर्व नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत.' त्याखाली सही, तीही अशी झोकदार, की हाच मालक वाटावा. सगळे त्यांना नकलवाले म्हणतात. घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही ह्यांना, डोक्यावर असतो. पण तुमच्या आजोबांनी परसातली विहीर कुणाला विकली ते बरोबर शोधून काढतील. मीच चारचौघींत सांगायचे, आमच्या ह्यांनी बघितलं म्हणजे बघितलं.

आता ह्या धंद्यातली एक गंमत. नगरपालिका शहराच्या ह्या टोकाला, जिल्ह्याची कचेरी त्या टोकाला. रोज दोन्हीकडं कोण धावणार? म्हणून शोधवाल्यांनी आपसात सोय लावून घेतलेली. जो ज्या कचेरीत असेल त्यानं दुसऱ्याचंही बघून ठेवायचं. ह्यांचा जोडीदार लंबू. नगरपालिकेतलं लंबूचं काम हे करायचे, जिल्ह्याचं ह्यांचं लंबू करायचा. संध्याकाळी चहाला भेटून एकमेकांना सांगायचं, आणि घरी येऊन दोघंही लिहायला मोकळे, मी स्वतः पाहिलं! सगळेच असं करतात म्हणे. मी एकदा विचारलंही, "अहो, लंबूचे डोळे तुमचे कधीपासून झाले?"

"तुला ह्यातलं काही कळत नाही," म्हणाले.

बरं बाई, नाही कळत.

माझ्या धाकट्या बहिणीनं घर घ्यायचं काढलं तेव्हा शोध घरचाच झाला. शहराच्या कडेच्या गल्लीतलं घर, मागं अंगण, आणि अंगणाकडं दार असलेली एक सुटी खोली. घरच्या मालकीणबाई वारल्या होत्या आणि त्यांचा लांबचा पुतण्या विकत होता. मागच्या खोलीत अडगळ आहे, तुमच्या सोयीनं काढा, असं म्हणून तो किल्ल्या देऊन गेला. ह्यांनी अहवाल दिला, स्वच्छ. बहिणीनं ती खोली पाडून स्वयंपाकघर मागं वाढवलं. खाट, स्टो, एक पेटी भंगारवाल्याकडं गेली. हाताचं शिलाई मशीन तेवढं चांगलं होतं. मूठ तडकलेली, पण कुणीतरी तिच्यावर लाल चिंधी इतकी घट्ट शिवलेली, की हाताला लागायची नाही. "ताई, तुला हवंच होतं ना?" म्हणून बहिणीनं ते माझ्याकडं पाठवलं. मी खूश. तेल घातलं, पुसलं, आणि लागले पडदे न् अभ्रे शिवायला.

काही महिन्यांनी बहिणीचा फोन. "ताई, कुणी एक म्हातारी काठी टेकत आली आणि मलाच विचारते, माझी खोली कुठंय! अंगणात बसून राहिली गं. शेवटी सांगितलं, आमचे कागद स्वच्छ आहेत, तुमचे असले तर आणा." मी म्हटलं, असतात गं अशी माणसं. अगदी असंच म्हटलं.

आणि मग ती आमच्या दारात उभी राहिली. किरकोळ बांधा, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. नगरपालिकेतल्या शिपायानं सांगितलं होतं, आजी, कागद असलाच तर नकलवाले काढतील. माझी बहीण कोण, हे कोण, त्या बिचारीला काय माहीत? हे चहा पीत बसले होते. तिनं गल्ली सांगितली, घर सांगितलं. ह्यांचा कप हातातच राहिला.

"मालकीणबाईंचे कपडे शिवायची मी," आजी सांगू लागल्या. "नंतर त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा सगळं मीच केलं. त्याआधी एकदा कचेरीत घेऊन गेल्या होत्या मला. म्हणाल्या, माझ्यानंतर तुला कुणी उठवायचं नाही, तू आहेस तोवर मागची खोली तुझी. तिथल्या साहेबांनी वाचून दाखवलं, मी सही केली. मग माझा पाय मोडला म्हणून भाचीकडं गेले, दुसऱ्या गावाला. परत येते तर खोलीच नाही. कागद पेटीत होता, पेटीही नाही."

"कचेरी कुठली, आठवतं?" ह्यांनी विचारलं.

"लांब होती. जिने फार. बाई मधेच दोनदा बसल्या होत्या जिन्यात."

नगरपालिका बैठी आहे, एकही जिना नाही. जिने आहेत ते जिल्ह्याच्या कचेरीला. ती गल्ली शहराच्या हद्दीत नंतर आली, त्याआधीचे दस्त सगळे तिकडं. म्हणजे लंबूच्या वाटणीचे.

"नगरपालिकेतल्या सगळ्या खिडक्या झाल्या हो," आजी म्हणाल्या. "जो तो म्हणतो, असं काही नाहीच. आता माझं मलाच वाटायला लागलंय, मी खोटं तर बोलत नाही ना? लोकांच्या अंगणात जाऊन बसले, त्या बाईला नाही नाही ते बोलले. लाज वाटते. माझं मशीन तेवढं मिळालं असतं तरी हातपाय चालले असते. मुठीला लाल चिंधी आहे बघा."

बाई गं! मशीन आतल्या खोलीत, सुईखाली माझा अर्धा शिवलेला अभ्रा. मी साखर आणायच्या निमित्तानं आत गेले आणि नुसती उभी राहिले. हेही मागोमाग आले.

"अहो, मशीन..."

"कळलं मला," म्हणाले. एवढा पडलेला आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. बाहेर जाऊन आजींना म्हणाले, "दोन दिवसांनी या. जिल्ह्याच्या कचेरीत आपण बघू." मशीनबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही नाही. काय तोंडानं बोलणार?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी लंबूला गाठलं. बहिणीच्या घराचा शोध चालला होता तेव्हा त्या गल्लीच्या दस्तांचा एक खंड बांधणीला गेला होता म्हणे. "एका खंडात काय असणार आहे, म्हणून तुला काही नाही सांगितलं," लंबू म्हणाला. "तू नाही का असं करत कधी?" हे सगळं ह्यांनी मला घरी येऊन सांगितलं, भिंतीकडं बघत. माझं टाळकं सडकलं. म्हटलं, आयुष्यभर मी तुमच्या त्या सहीचं कौतुक करत आले आणि खाली हे शेण? जेवले नाहीत त्या दिवशी. मीही आग्रह केला नाही.

मी फोनवर सांगितलं तशी बहीण धावत आली. "भावोजी, बघितलं आणि नाही सापडलं, एवढंच म्हणा. कोण विचारणार आहे? उद्या हे बाहेर आलं तर एक तरी वकील काम देईल का तुम्हाला?" ती वाईट नाही हो. हौसेनं घर केलंय तिनं, डोळ्यात पाणी होतं तिच्या. हे नखं कुरतडत बसले. जाताना मला म्हणाली, "ताई, तू तरी समजाव ह्यांना." मी तिला दारापर्यंत सोडलं. समजवायचं काय, हेच मला उमगत नव्हतं.

ठरल्या दिवशी आजींना जिने चढवायला म्हणून मीही गेले. हे पुढं, खाली मान. दर वळणावर आजी थांबायच्या आणि म्हणायच्या, "हाच तो जिना. बाई इथं बसल्या होत्या." जसजशी ओळख पटत होती तसतसा त्यांचा चेहरा उजळत होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दफ्तराच्या खोलीत लांब टेबलं, त्यांच्यावर वाकलेले शोधवाले. लंबूही होता पलीकडं. दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंनी खंड आणून आदळला. नवी बांधणी, आणि पुठ्ठ्याच्या आत डकवलेली चिठ्ठी. जो खंड उघडेल त्यानं तिच्यावर सही करायची, असा तिथला नियम. चिठ्ठी कोरी होती.

"बांधून आल्यापासून पहिलेच तुम्ही," बाई म्हणाल्या. "करा सही."

ह्यांनी सही केली. झोकदार नव्हती, शाळेतल्या पोरासारखी वेडीवाकडी. मग पानं उलटू लागले. आजी समोर बसल्या होत्या, हात मांडीवर. एका पानावर ह्यांचं बोट थांबलं. मला दिसलं. आणि तेही मला दिसलं, की त्यांनी ते पान उलटलं. पुढचंही उलटलं. इतक्या वर्षांचा संसार, पण त्या दोन पानांच्या वेळी मला माझा नवरा ओळखू येईना. मग ते थांबले, डोळे मिटले, आणि दोन पानं मागं आले.

"आजी, आहे."

वाचून दाखवलं. हयात असेपर्यंत मागील खोलीत विनातक्रार राहण्याचा हक्क. खाली आजींची सही, गिरवल्यासारखी.

"म्हणजे मी खोटी नव्हते," आजी म्हणाल्या. पदर तोंडाला लावला आणि पुन्हा म्हणाल्या, "खोटी नव्हते मी."

हे उठून उभे राहिले. "आजी, ज्या अहवालावर तुमची खोली पडली तो मी लिहिलाय. ते घर माझ्या मेहुणीचं. हा खंड मी बघितला नव्हता. न बघता लिहिलं, बघितलं म्हणून." हळू नाही बोलले. सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. लंबूची तेवढी खाली गेली.

आजींनी ह्यांच्याकडं बघितलं. चिडल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग माझं सामान कुठं गेलं, ते तुम्हाला माहीत असेल."

मीच म्हटलं, "मशीन माझ्याकडं आहे."

तिथंच बसून ह्यांनी नवा अहवाल लिहिला, दस्ताची नकल काढली आणि आजींच्या हातात दिली. पुढं ती खोली परत उभी राहिली, बहिणीनं माझ्याशी बोलणं टाकलं, ह्यांच्या दाराशी वकिलांचे निरोप यायचे बंद झाले. ते होणारच होतं, त्याचं मला काही सांगायचं नाही.

आजी त्याच संध्याकाळी आमच्या घरी आल्या त्या मशीन न्यायला. खोली होईपर्यंत इथंच राहा, मी म्हटलं. "नको," म्हणाल्या. "भाचीकडं आहे सोय." पुढं आग्रह करायची माझी हिंमत झाली नाही. आतल्या खोलीत गेल्या, मशीनसमोर बसल्या, चिंधीवरून हात फिरवला. चाक अर्धं फिरवून थांबल्या.

सुईखाली माझा अभ्रा तसाच होता. मला वाटलं, ओढून काढतील, फेकतील. त्यांनी कापड दाबून धरणारी पट्टी उचलली, कापड अलगद बाजूला घेतलं, दोरा कापला, उसवू नये म्हणून टोकाला गाठ मारली. टाचण्या मोजून परत लावल्या. मग अभ्रा मांडीवर पसरून सुरकुती काढली, घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"हा तुमचा ना? घ्या. मशीनबरोबर चुकून माझ्याकडं यायला नको."

मी घेतला. हे दारात उभे होते, हात कोपरापर्यंत काळे. त्या दिवशी त्यांनी साबण कुठंय म्हणून विचारलं नाही.