साथीला गेलेली चार माणसं

माझी मावशी इतिहासाच्या एका त्रैमासिकात संदर्भ आणि प्रुफं तपासायची. "पान क्रमांक चुकलाय" असं तिने फोनवर म्हटलं, की भल्याभल्या प्राध्यापकांची बोबडी वळायची. मला तिचा फार अभिमान होता. तिलाही स्वतःचा काही कमी नव्हता.

तिच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि मुदतवाढीचा कागद समितीपुढे होता. घरी बसायची कल्पनाच तिला सोसत नव्हती. तेवढ्यात साथरोगांवरचा विशेषांक आला. इतिहासवाले, डॉक्टर, भूगोलवाले, आकडेवाले, सगळे एकाच पंगतीला. प्रत्येकाच्या लेखात एक वाक्य होतंच: 'साथीत चार माणसे गेली.' भूगोलवाल्याने त्यावर नकाशा काढला होता, डॉक्टरांनी रोगाचं नावसुद्धा ठरवलं होतं. टीप पाहावी तर डॉक्टर भूगोलवाल्याकडे बोट दाखवत होते, तो आकडेवाल्याकडे आणि आकडेवाला परत डॉक्टरांकडे.

मावशी तडक दप्तरखान्यात गेली आणि त्या काळची जुनी पत्रं उपसली. ज्यावरून हे वाक्य आलं त्या मूळ पत्रात होतं, 'बाईंच्या साथीला चार माणसे गेली.' सोबत म्हणून गेली होती बिचारी!

"विद्वानांनी धडधाकट माणसं मारली गं," ती मला हसत म्हणाली. मग पहिला गुन्हेगार शोधायला तिने ते पत्र पहिल्यांदा वापरलेल्या, त्रैमासिकातल्याच बावीस वर्षांपूर्वीच्या लेखाची प्रुफं काढली. लेखकाने 'बाईंच्या' गाळलं होतं, पण 'साथीला' लिहिलं होतं. त्यावर लाल शाईची काट होती, आणि समासात शेरा: 'साथीला नव्हे, साथीत.' अक्षर मावशीचंच होतं.

संपादकांनी दार लोटून घेतलं. "बाई, समितीला कळलं तर मुदतवाढ विसरा. 'बाईंच्या' लेखकानेच गाळलंय, चूक त्याच्या नावावर जाऊ दे. तो काही आता भांडायला येणार नाही."

"मेलेल्या माणसावर ढकलू? आधीच चौघांना मारून बसलेय."

शुद्धिपत्र तिनेच लिहिलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मुदतवाढ मिळाली नाही. दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी माझी कपाटं आवरायला घेतली.

परवा मी तिला नऊ नवे लेख नेऊन दाखवले. ती चार माणसं सोबतीला गेली होती याचा पुरावा म्हणून नऊही टिपांमध्ये मावशीचं नाव होतं. मला वाटलं, हरखून जाईल. तिने चष्मा लावून एकेक टीप वाचली आणि कडाडली, "यातल्या एकाने तरी मूळ पत्र उघडलंय का? माझ्यावर कसले विसंबतात मेले!"